सिद्धोधनची हरवलेली शिक्षा

"माझी शिक्षा हरवली आहे. ती शोधून द्या," असं म्हणत गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, तेव्हा पंडित गिराम यांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलेला माणूस दिसतो. त्यांनी मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

परभणीत राजनंदिनी जोगदंड यांच्या ऑफिसात येणारी माणसं ठरलेली असत. मुलगा खरंच इंजिनिअर आहे का, पितो का, आधीचं लग्न लपवलंय का, याच चौकशा जास्त. खासगी तपासाचा धंदा जिल्ह्याच्या गावात चालतो तो असा, सोयरिकींच्या जिवावर. पंडितकाका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आता ते बाईंची गाडी चालवत आणि, त्यांच्या स्वतःच्या मते, निम्मा तपासही तेच करत. बाईंचं मत वेगळं होतं, पण त्या ते बोलून दाखवत नसत.

"बसा," राजनंदिनी म्हणाल्या. "शिक्षा कुठं ठेवली होती?"

गिऱ्हाईक हसलं नाही. तिशी ओलांडलेला, नीटनेटका, मूळचा पाथरीचा सिद्धोधन वाव्हळे. बायको-मुलीसह इंग्लंडात राहायचा आणि आता तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरत होता.

"अर्जात विचारतात, कधी शिक्षा झाली होती का. गाडीचा दंड असला तरी सांगा म्हणतात. मी वकिलाला खरं ते सांगितलं. कॉलेजात असताना माझ्या हातून येलदरीजवळ जीपनं एका बाईला धक्का लागला. कोर्टात दंड झाला. वकील म्हणाला, किरकोळ दंडानं सहसा अडत नाही, लपवलं तर मात्र अडतं. कोर्टाचा कागद आणा. म्हणून आलो. तर कोर्टात माझ्या नावाची केसच नाही. पोलिसांकडंही नाही."

"मग बरंच की," पंडितकाका म्हणाले. "न्हाई लिहा अन् मोकळे व्हा."

"आणि उद्या कुठून निघाली तर? खोटं बोलला म्हणून अर्ज जाईल. मुलीचं सगळं माझ्याच अर्जावर आहे. हो लिहावं तर कागद नाही, नाही लिहावं तर मन खातं."

राजनंदिनींनी खुर्ची पुढे ओढली. "त्या दिवशीचं सगळं सांगा. मनाला लागतं तेही सांगा."

सिद्धोधननं सांगितलं. वडील लवकर गेले, म्हणून तो, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण सुकेशनी पाथरीला सटवाजीमामांच्या घरी राहत. मामांची जीप होती, गावोगाव माणसं नेणारी. ड्रायव्हर बन्सीधरचा हात मोडून प्लास्टरमध्ये होता, जीप दारात उभी. सुट्टीत घरी आलेल्या सिद्धोधनकडं लायसन नव्हतं, पण हौस होती. मामा गावाला गेलेले पाहून त्यानं हरिओम नावाच्या दोस्ताला बरोबर घेतलं आणि धरण बघायला निघाला. रस्त्याच्या कडेला एक बाई मासे तळून विकत बसलेली. समोरून ट्रक आला, यानं जीप कडेला घेतली, आणि बाईचा पाय चाकात आला.

"मी उतरलो," सिद्धोधन म्हणाला, "आणि पळालो. रानातून पळालो. ती बाई ओरडत होती. हरिओम माझ्या मागं. ते पळणं मला अजून खातं."

"पुढं?"

"आईनं त्याच संध्याकाळी मला संभाजीनगरच्या गाडीत बसवलं, कॉलेजच्या होस्टेलला. काही महिन्यांनी तिचा फोन आला. कोर्टात दंड भरला, मिटलं, परत नाव काढू नको. आई आता नाही."

"कोर्टात आरोपी हजर नसताना दंड भरता येतो, असं वाटलं तुम्हाला?"

तो ओशाळला. "वकील परस्पर भरतो, असंच समजत होतो. आमच्याकडं सगळे तसंच समजतात."

पंडितकाकाही आजवर तसंच समजत होते. त्यांनी घाईनं गाडीची किल्ली उचलली.

पाथरीच्या वाटेवर काकांनी निकाल देऊन टाकला. "सोपं हाय, मॅडम. त्या ड्रायव्हरनं, बन्सीधरनं, केस अंगावर घेतली. मालकासाठी घेतेत लोक."

"हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसानं जीप चालवली, हे पोलिसांना पटलं असतं का?"

काकांनी पुढच्या बसला ओव्हरटेक करण्यात मन गुंतवलं.

सटवाजीमामा अंगणात बाजेवर बसले होते. भाचा परदेशातून आला म्हणून खूश होते, पण जीपचं नाव काढताच त्यांनी पानाची पिशवी उघडली आणि सुपारी शोधायला फार वेळ घेतला.

"मिटलेला मामला हाय तो, बाई. त्या दगडाबाईला दवाखाना झाला, इन्शुरन्सनं भरपाई दिली. कुणाचं नुकसान न्हाई झालं."

"जीप तुम्ही चालवता का हो, मामा?"

"म्या? जन्मात स्टिअरिंग धरलं न्हाई. बैलगाडीपुरता माणूस हाय मी."

"मग ड्रायव्हरचा हात मोडल्यावर धंदा बसलाच असेल."

"कशाचा बसतोय?" मामांचा ताठा जागा झाला. "बाजाराच्या दिवशीची फेरी एकदाबी चुकली न्हाई आमची. लोक वाट बघायचे." आणि एकदम वळून त्यांनी आत चहाची हाक दिली. "च्या घ्या," म्हणाले.

चहा गोड होता. काकांना आणखी अर्धा कप हवा होता, पण बाई उठल्या.

हरिओम रासवेचं बसस्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान होतं. सिद्धोधनला पाहून तो गल्ल्यावरून उठला आणि मिठी मारली. केस म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

"मी घेतली असंल असं वाटलं का तुला?" तो सिद्धोधनला म्हणाला. "घेतली असती रे. पण माझा उजवा डोळा लहानपणापासून गेलेला. मला लायसन कोण देतंय? आजबी बायको स्कुटी चालवती अन् मी मागं बसतो."

"मग कुणी घेतली?" राजनंदिनींनी विचारलं.

"मामानं शपथ घातलीय, मॅडम. त्यांच्या पोरांवर हात ठेवून. मला नका विचारू."

"बरं, नाही विचारत. ठाण्यातून जीप सोडवून आणली, तेव्हा तुम्ही पाहिली?"

"हौ. इथूनच गेली की. मामा मोठ्या ऐटीत डाव्या सीटवर बसलेले." हरिओम एवढं बोलून एका गिऱ्हाइकाला खिळे दाखवायला वळला.

दुपारी सिद्धोधननं त्यांना सुकेशनीकडं जेवायला नेलं. तिची आणि तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती, एका चिंचोळ्या गल्लीत. ज्वारीची पोती उतरवणाऱ्या टेम्पोनं वाट अडवलेली, म्हणून काकांना गाडी मागं घेऊन बोळात घालावी लागणार होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडी नाली. गल्लीतली पोरं "येऊ द्या, येऊ द्या" करत होती आणि काकांना घाम फुटला होता.

गिरणीच्या दारातून एक बाई आली. भुवयांवर पीठ, पदर खोचलेला. तिनं पोरांना बाजूला केलं.

"काका, आता स्टिअरिंग उजवीकडं पूर्ण तोडा. थांबा. आता अर्धं सोडा. मागचं चाक नालीच्या काठावर येईल, येऊ द्या, खाली जात न्हाई. आता सरळ करा."

गाडी लोण्यासारखी आत गेली. काका उतरून म्हणाले, "शाब्बास पोरी. डेपोत असा माणूस मिळाला असता तर माझ्या बसला एक ओरखडा पडला नसता. गाडी शिक की."

"गिरणीतून वेळ कुठं मिळतोय?" सुकेशनी म्हणाली आणि आत गेली.

गिरणी चालवणाऱ्या बाईला यंत्राची जाण असणारच, असं काकांनी मनात म्हटलं. जेवताना ठेचा इतका झणझणीत होता की पुढचा विचार तिथंच राहिला. सुकेशनी भावाच्या ताटात भाकरी वाढत होती. केसचं बोलणं निघालं तेव्हा ती म्हणाली, "आई गेली, तिच्याबरोबर गेलं ते. कशाला उकरायलास?" राजनंदिनींनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. काकांना हे खटकलं. इतक्या जवळच्या माणसाला विचारायचं नाही, म्हणजे बाईंचं आज लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघंच येलदरीला गेले. सिद्धोधननं बरोबर यायचं टाळलं. "तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?" म्हणाला.

दगडाबाई अजून रस्त्याच्या कडेलाच मासे तळत होती. पाय किंचित ओढत चालायची, पण जीभ चपळ होती. तिनं आधी काकांना मासे खाऊ घातले, मग बोलायला बसली.

"चेहरा न्हाई दिसला, बाई. धुळीत काय दिसतंय? पडले म्या, अन् डोळ्याम्होरं अंधार. कोर्टात मला कुणी विचारलंबी न्हाई. कबूलच केलं तं विचारतेत कशाला?"

"कोर्टात आरोपीला पाहिलंत ना?"

"पाहिलं की. लय गुणाचं लेकरू. पाया पडलं माझ्या. पळून गेल्याची माफी मागितली, अन् रडलं. मंग दिसभर माझ्याच बाकावर बसून राह्यलं. मला तवा उठता येत नव्हतं, तं मोरीपर्यंत धरून नेलं, लुगडं सावरलं, परत आणून बसवलं. पोटची लेक न्हाई मला, असती तरी एवढं केलं नसतं. म्या तवाच म्हणलं, जाऊ दे, माझा राग गेला."

"पंडितकाका, चला," राजनंदिनी म्हणाल्या. "शिक्षा सापडली."

काकांच्या हातात अर्धा मासा होता. "कुठं?"

"तुम्ही तिला शाब्बास म्हणालात ना, तिथं."

परतीच्या वाटेवर जिंतूरपर्यंत काका मनातल्या मनात गल्लीतलं स्टिअरिंग तोडत आणि सोडत राहिले. 

गिरणीच्या आवाजात बोलणं झालं नसतं, म्हणून राजनंदिनींनी वीज जायची वेळ गाठली. दुपारी पट्टा थांबला, पिठाची धूळ खाली बसायला लागली. पोत्यांवर सटवाजीमामा बसले, दाराशी हरिओम, मधल्या स्टुलावर सिद्धोधन. सुकेशनीचा नवरा ज्वारी आणायला बाहेर गेलेला. ती जात्याच्या कडेचं पीठ कुंच्यानं झाडत होती आणि कुणाकडं बघत नव्हती.

"मी कुणावर आरोप करायला आले नाही," राजनंदिनी म्हणाल्या. "सिद्धोधनना एक गोष्ट कळायला हवी, म्हणून बोलते. मामा म्हणाले, इन्शुरन्सनं भरपाई दिली. लायसन नसलेल्या पोरानं जीप चालवली असं कळलं असतं, तर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते आणि सगळं मामांच्या अंगावर आलं असतं. म्हणजे पोलिसांपुढं लायसनवाला माणूस उभा करावा लागला. असं होतं आपल्याकडं. लोक त्याला गुन्हा समजत नाहीत, सोय समजतात."

मामा पोत्याची सुतळी उकलत राहिले.

"बन्सीधरचा हात मोडलेला. मामांनी स्टिअरिंग धरलेलं नाही. हरिओमना एकच डोळा. मग लायसन कुणाकडं? इथं मामांच्या तोंडून एक गोष्ट निसटली. सिद्धोधनच्या आठवणीत जीप दारात उभी होती. मामा म्हणाले, बाजाराची फेरी एकदाही चुकली नाही. दोन्ही खरं आहे. एरवी जीप उभी असायची आणि बाजारच्या दिवशी ती कुणीतरी बाहेर काढायचं. तेच माणूस ठाण्यातून जीप घेऊन आलं, कारण मामा डाव्या सीटवर होते. घरातलंच, लायसनचं, प्रवासी गाडीचा बॅज असलेलं माणूस. आणि त्याचं नाव कुणीही घेत नव्हतं."

"तू होस्टेलला असताना बन्सीधरनं शिकवलं होतं तिला," हरिओम हळूच म्हणाला. शपथ मोडली की नाही, याचा त्यानं विचार केलेला दिसला नाही.

"काल गल्लीत पोरं 'येऊ द्या' म्हणत होती. ज्याला गाडी येत नाही तो एवढंच म्हणतो. सुकेशनीताई स्टिअरिंग किती तोडायचं, कधी सोडायचं, ते सांगत होत्या. काका, तुम्ही ड्रायव्हर आहात. हे तुम्हीच मला सांगायला हवं होतं."

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"तरी माझी खात्री नव्हती. ती दगडाबाईंनी करून दिली. आरोपी त्यांच्याच बाकावर दिवसभर बसला, त्यांना मोरीपर्यंत धरून घेऊन गेला, लुगडं सावरलं. परका पुरुष हे करील का, आणि दगडाबाई करू देतील का? सिद्धोधन, तुमच्या नावाची केस सापडली नाही, कारण ती तुमच्या नावावर कधी नव्हतीच. शिक्षा तुमच्या बहिणीला झाली."

कुंचा थांबला. सिद्धोधन उठला आणि पुन्हा बसला.

"ताई?"

"मामा म्हणले, तू शिकायलास, तुझं नाव खराब नको," सुकेशनी म्हणाली. "आईबी तेच म्हणली. मला वाटलं, दंड भरायचा अन् घरी यायचं."

"आणि माफी? पळालो मी. माफी तू मागितलीस?"

"ती म्हातारी समोर बसलेली. कुणीतरी मागायला पायजे होती का न्हाई?"

मामांनी घसा साफ केला. "झालं गेलं. आता तर चांगलंच झालं की. सिद्धू, तुझ्या नावावर काहीच न्हाई. न्हाई लिही, अन् जा खुशाल. आमी कुणी तोंड उघडत न्हाई."

"कायद्यानं ते खरं आहे," राजनंदिनी म्हणाल्या. "तुम्हाला शिक्षा झालेली नाही. पण शिक्षा झाली नाही एवढं लिहिणं आणि तिथं घडलेलं सगळं सांगणं, यात फरक आहे. सगळं सांगितलंत तर अर्ज लांबेल, कदाचित जाईलही. शिवाय ताईंनी कोर्टात खोटी कबुली दिली, त्याचंही विचारलं जाईल. त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. वकील लागेल, दोघांनाही."

सिद्धोधननं डोक्याला हात लावला. "माझ्या खरेपणापायी तिला परत कोर्टात उभं करू? मी नाही लिहितो, ताई. राहू दे."

"थांब," सुकेशनी म्हणाली.

तिनं कुंचा खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, पण मामांनी सुतळी सोडली.

"तेव्हा मला कुणी विचारलं न्हाई. सगळ्यांनी ठरवलं अन् मला सांगितलं. आज बी तुमीच ठरवायलाय, मामा न्हाई म्हणायलेत, हा राहू दे म्हणायलाय. आज मला विचारा." ती भावाकडं वळली. "तू गेल्यावर बसच्या ड्रायव्हरची भरती निघाली. बायकांनाबी घेणार होते. मी फॉर्म भरला. त्याच्यात बी हेच विचारलं होतं, कधी शिक्षा झाली का. मी हो लिहिलं."

"हो कशाला लिहिलंस?" हरिओम म्हणाला.

"झालीच होती ना. माझं नाव, माझी सही. खोटं कसं लिहू?" तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "मला बोलावणं आलं न्हाई. लग्नाच्या वेळी मामा म्हणले, गाडी येती म्हणून सांगू नको, केसचं निघंल. मी न्हाई सांगितलं. नवरा बाहेरगावचा, त्याला अजून ठाऊक न्हाई. मला राग येतो, सिद्धू. तुझ्यावर न्हाई येत म्हणून लय वर्षं स्वतःला समजावलं, पण येतो. मी इतके दिवस गाडी चालवली, अंधारात चालवली, चिखलात चालवली, माझ्या हातून कुत्र्याच्या पिल्लाला कधी धक्का लागला न्हाई. अन् सगळ्या जगात कुठं लिहिलेलं असंल तर एवढंच, की मी एका बाईच्या पायावरून जीप घातली."

पंडितकाकांनी टोपी काढली ती हातातच ठेवली. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं, ते त्यालाच ठाऊक.

"कोर्टात उभं राहायचं तर राहीन," सुकेशनी म्हणाली. "खोटं बोलले, त्याचं काय द्यायचं ते देईन. पण ती जीप माझ्या हातात नव्हती, एवढं कुठंतरी लिहून येऊ दे. ते तूच लिहू शकतोस. दुसरं कुणी न्हाई लिहू शकत."

मामा म्हणाले, "पोरी, त्याच्या लेकराचं काय?" आणि ते विचारणंही खोटं नव्हतं.

 सिद्धोधननं खिशातून फोन काढला आणि इंग्लंडातल्या वकिलाला लावला. तिकडं सकाळ असावी, कारण वकिलानं लगेच उचलला. सिद्धोधन इंग्रजीत बोलायला लागला. सुरुवातीला अडखळला, नंतर सरळ बोलत गेला. वकील मधूनमधून काही विचारत होता. शेवटी वकिलानं एक प्रश्न पुन्हा विचारला आणि सिद्धोधननं एक वाक्य सावकाश, तुटक उच्चारलं.

"काय म्हणलास त्याला?" सुकेशनीनं विचारलं.

फोन कानालाच ठेवून तो तिच्याकडं वळला.

"तो विचारतोय, नक्की काय लिहायचं. मी म्हणालो, लिहा, मला शिक्षा झालेली नाही. व्हायला हवी होती. ती माझी बहीण भोगतेय."